चार नंबरचा ठोका

१

सरुबाई सापडली ती दुपारी पाळी बदलताना, चार नंबरच्या प्रेसपाशी. उजवा हात दंडापर्यंत साच्याखाली गेलेला, कपाळ लोखंडी कडेला टेकलेलं, पायाशी झाडू. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काम करता करता बाईला डुलकी लागली. प्रेसचा वरचा ठोकळा उलटा फिरवून तिला मोकळं करेपर्यंत ती गेली होती.

हडपसरच्या त्या कारखान्यात मोटारगाड्यांसाठी पत्र्याचे भाग ठोकले जात. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. पण त्या दुपारी शेड रिकामी होती. फाटकाबाहेर युनियनची सभा होती. सकाळची पाळी सुटून तिथे गेली होती आणि दुपारची पाळी आत न शिरता तिथेच थांबली होती. नवा करार झाला होता, गुलाल होता, कर्णा होता. सरुबाई कंत्राटदाराची सफाईवाली. ती सभासद नव्हती, म्हणून तिला सभेचं बोलावणं नव्हतं.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. आणीबाणी उठली होती आणि दोन वर्षं तोंड मिटून बसलेल्या युनियनी पुन्हा बोलू लागल्या होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची वकिली मंदाकिनीबाई करत. नारायण पेठेत, पुस्तकबांधणीच्या दुकानावर त्यांची कचेरी होती. कामगार त्यांना वकीलबाई म्हणत. विरुद्ध बाजूचे वकील काय म्हणत ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

सरुबाई गेल्यानंतरच्या आठवड्यात युनियनचा चिटणीस सर्जेराव त्यांच्याकडे आला. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, पण त्या दिवशी खुर्चीत कसं मावावं हे त्याला समजत नसल्यासारखा बसला होता.

"कंपनीनं नियाजला धरलंय," तो म्हणाला. "दुपारच्या पाळीचा ऑपरेटर. अजून कायम झालेला नाही. म्हणे, त्यानं न बघता प्रेस चालवला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलंय. पोरगं निर्दोष आहे, बाई. मशीन सदोष होतं. तुम्ही तसं सिद्ध करा."

"मशीन सदोष होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, की तसं असलं तर बरं पडेल?"

सर्जेरावाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाला, "आणखी एक गोष्ट आहे. शेडला सरकारी कारखाना निरीक्षकांनी सील लावलंय. आत चिटपाखरू नाही. पण संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत बाकीच्या शेडमधली मशिनं थांबली, की चार नंबर वाजतो. एक ठोका. एकच. माणसं आता त्या बाजूच्या नळावर पाणी प्यायलाही जात नाहीत."

"लोक काय काय ऐकतात."

"मीही ऐकलाय," सर्जेराव म्हणाला, आणि त्याने आपले हात टेबलाखाली घेतले.

२

निरीक्षकांच्या परवानगीने सील काढून मंदाकिनीबाई शेडमध्ये गेल्या, तेव्हा बरोबर कारखान्याचे व्यवस्थापक शरच्चंद्र होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच आलो असं वाटावं.

"या. आपल्याच युनियनची देणगी पाहा," ते म्हणाले. प्रेसच्या दोन्ही अंगांना, कमरेच्या उंचीवर, एकेक डबी होती आणि तिच्यात हिरवं बटण. "दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. म्हणजे चालवणाऱ्याचा हात साच्यात असूच शकत नाही. यासाठी आपण आमचा कारखाना किती दिवस बंद ठेवलात ते आठवत असेलच."

मंदाकिनीबाईंना आठवत होतं. दत्तोबाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा हा कारखाना मलमपट्टी करून त्याला घरी पाठवायला निघाला होता. त्या बोटांवरून संप झाला, त्या संपातून युनियन उभी राहिली, दुहेरी बटणं आली, आणि दत्तोबाला टूलरूममध्ये पूर्ण पगारावर बसून करायचं काम मिळालं. युनियनच्या झेंड्यावर तोच तीन बोटं नसलेला पंजा होता. सभेत तो हात वर झाला की घोषणा थांबत नसत.

"म्हणजे सरुबाई एकटी असती तर ठोका पडलाच नसता," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर. दुसरं माणूस हवं. सकाळच्या पाळीत हा प्रेस बंद असतो, तेवढा माणूसच नाही आमच्याकडे. दुपारी नियाज. त्याचं हजेरीचं कार्ड टोचलेलं आहे. आता आपण वकील आहात, मी आपल्याला काय शिकवणार."

मंदाकिनीबाई खाली वाकल्या. सगळ्या मशीनवर तेलकट धुळीचा थर होता, बटणांच्या डब्यांवरही. पण डाव्या डबीभोवती दोन बोटं रुंदीचा एक पट्टा स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नव्हे. तिथला रंग झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. उजवी डबी सगळीकडून सारखीच मळकी होती.

मोटरचा मुख्य खटका उजवीकडच्या खांबावर होता. कोऱ्या पत्र्यांचा ट्रे प्रेसच्या डावीकडे उभा होता. त्यांनी रांगेतल्या बाकीच्या प्रेसांकडे नजर टाकली. तिथे प्रत्येक ट्रे उजवीकडे होता.

"हे इथलं काही हलवलंय?"

"सील लागल्यापासून वाराही आत सोडलेला नाही."

शेडच्या एका अंगाला टूलरूम होती. मधे कमरेइतका ओटा आणि त्यावर जाळीचं दार. तिथून कामगारांना हत्यारं दिली जात. जाळीपलीकडे दत्तोबा उभा होता. साठीकडे झुकलेला, वाळलेला माणूस. त्याने जाळी उघडून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"डावा हात हाय, बाई. राग मानू नका," तो म्हणाला. "उजव्यात आता तांब्या ऱ्हात न्हाई."

"तुम्ही काही ऐकलंत का, दत्तोबा? त्या दिवशी?"

"म्या सभेला हुतो की. तुमच्याच शेजारी." त्याने प्रेसकडे पाहिलं नाही. बोलत असताना सबंध वेळ त्याने प्रेसकडे पाहिलं नाही.

परतताना बाईंच्या डोळ्यांदेखत दाराला पुन्हा सील लागलं. त्या फाटकापर्यंत पोचल्या तोवर दिवस कलला होता. चहाचा भोंगा झाला, एकामागून एक शेडमधला आवाज बंद पडला, आणि त्या शांततेत मागून ठोका आला. जड, पूर्ण. पायाखालची जमीन किंचित हलली. फाटकावरचा पहारेकरी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि त्याने मान फिरवली.

बाई परत शेडपर्यंत गेल्या. दारावरचं सील तसंच्या तसं होतं.

३

नियाजचं घर खडकीला. वडील दादामियाँ दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांनी मंदाकिनीबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"मी युनियनवालाच आहे, बाई," दादामियाँ म्हणाले. "आमच्या खात्यात युनियन नसती, तर मला दम्यावर रजा मिळाली नसती, ही जागा मिळाली नसती. मीच याला म्हटलं, वर्गणी भर, सभेला जा. आता हा सभेला गेला होता म्हणतो आणि सभेतलं एक माणूस सांगायला तयार नाही, की आम्ही याला पाहिलं."

नियाज पलंगाच्या कडेवर बसला होता. पंचविशीचा, हडकुळा. "मी कार्ड टोचलं आणि परत फाटकावर आलो. तुमचं भाषण चाललं होतं. मी आत गेलोच नाही."

"मला जरा दाखव, तू प्रेस कसा चालवतोस. मला त्यातलं काही कळत नाही."

नियाज उठला. मोकळ्या हवेत त्याच्या हातांनी प्रेस उभा केला: उजव्या हाताने पत्रा उचलला, साच्यात ठेवला, हात बाहेर काढले, दोन्ही तळवे बाजूंना दाबले. पुन्हा उजवा हात.

"पत्रे कुठून घेतोस?"

"उजवीकडून. आल्यावर आधी ट्रे उजवीकडे ओढायचा, मग..." तो थांबला.

"मग काय?"

नियाजने हात खाली घेतले.

"सकाळी तो प्रेस बंद असतो म्हणतात. मग रोज ट्रे डावीकडे कोण नेऊन ठेवतं, नियाज?"

दादामियाँ मुलाजवळ आले. "बोल बेटा. वकीलबाई तुझ्यासाठी आल्यात."

"अब्बा, ते म्हणालेत केस सुटेल. सुटली की लगेच कायम करून घेऊ." नियाजचा आवाज बारीक झाला. "नाव घेतलं तर मला हडपसरमध्ये उभं राहता येणार नाही. कुठल्याच कारखान्यात नाही."

"कुणाला घाबरतोस तू? साहेबांना?"

नियाजने नकारार्थी मान हलवली. "साहेबांना काय घाबरायचं. आपल्याच माणसांना."

४

सरुबाईला प्रेसखाली पहिल्यांदा पाहिलं ते मथुराबाईने. तीही कंत्राटातलीच. कालव्याकाठच्या वस्तीत तिचं घर होतं; मंदाकिनीबाई गेल्या तेव्हा ती दारात भांडी घासत होती आणि ती घासतच बोलली.

"पाळी बदलायच्या येळंला प्रेसखालचा भंगार पत्रा काढायचा, ही आमची कामं. आधी दोघी असायचो एका प्रेसला. कंत्राटदारानं बायका कमी केल्या. म्या गाडा घेऊन मागं गेले हुते. सरू एकलीच व्हती."

"तिने हाक मारली असेल ना?"

"मारली असंल. म्या न्हाई ऐकली." मथुराबाईचा हात थांबला. "कर्णा चालू हुता. बाईमाणूस बोलत हुतं. लई चांगलं बोलत हुतं. म्या गाडा थांबवून ऐकत उभी ऱ्हायले. म्हनत हुतं, या फाटकाच्या आत आता कुनाला एकटं पडू देनार न्हाई." तिने वर पाहिलं. "तुमीच ना त्या?"

ते वाक्य त्यांचंच होतं. ते म्हणताना खालून टाळ्या आल्या होत्या आणि टाळ्या संपेपर्यंत त्या थांबल्या होत्या, हेही त्यांना आठवलं. कर्ण्याचं तोंड शेडकडे होतं. केस हाती घेतल्यापासून त्या सरुबाईची हाक ऐकलेलं माणूस शोधत होत्या, आणि त्या हाकेवर पडलेलं पांघरूण त्यांच्याच आवाजाचं निघालं.

"पुढे काय झालं ते सांगा," शेवटी त्या म्हणाल्या.

"म्या बोंब मारली. सर्जेराव पळत आले, सगळ्यांच्या आधी. येऊन आधी डावीकडं वाकले. काय तरी वढलं, खिशात घातलं. म्हनलं, मशीन बंद करत असत्याल. मंग सरूकडं बघितलं. मंग बाकीची मानसं आली."

"डावीकडे? नक्की?"

"माझ्याकडंच पाठ हुती त्यांची."

मंदाकिनीबाई उठल्या. मोटर बंद करायचा खटका उजवीकडच्या खांबावर होता.

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"कुनी इचारलं?" मथुराबाई पुन्हा भांडी घासू लागली. "वकीलबाई, तो ठोका वाजतो ना संध्याकाळी, आमच्या बायका म्हनत्यात सरू माघारी आली. म्या म्हनते, ती कशापायी यील? जिती हुती तवा तिला कुनी फाटकावर बोलावलं न्हाई."

५

युनियनची कचेरी हडपसर गावात किराणा दुकानाच्या वर होती. भिंतीवर झेंडा, झेंड्यावर पंजा. मंदाकिनीबाई त्याच्याखाली बसल्या.

"मी सांगते, तुम्ही चुकलं तर सांगा," त्या सर्जेरावाला म्हणाल्या. "सरुबाईशेजारी दुसरं माणूस नव्हतंच. डाव्या डबीभोवती रबराची पट्टी आवळलेली होती. सायकलच्या ट्यूबची असेल. तिने डावं बटण कायमचं दाबून धरलं होतं, म्हणजे नुसतं उजवं दाबलं तरी ठोका पडणार. मोटर चालू राहिलेली. सरुबाई भंगार काढायला आत वाकली आणि तिची कंबर उजव्या बटणाला लागली. इतकंच झालं. तुम्ही पहिले पोचलात आणि आधी पट्टी काढलीत."

सर्जेराव खिडकीबाहेर पाहत होता.

"ती पट्टी त्या दिवशीची नाही. लोखंडाचा रंग झिजायला महिने लागतात. आणि नियाजची तर नाहीच. तो उजव्या हाताने पत्रा ठेवतो; त्याला पट्टी बांधायची असती तर त्याने उजव्या बटणाला बांधली असती, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला असता. ज्याने डावं बटण बांधलं, तो डाव्या हाताने पत्रा ठेवतो आणि उजव्याने फक्त दाबतो. म्हणून ट्रे डावीकडे. त्या दुपारी ट्रे डावीकडेच होता, म्हणजे नियाज कामाला लागलाच नव्हता. सकाळी त्या प्रेसवर माणूस नसतो असं तुम्ही म्हणता, साहेबही म्हणतात. तुमचं दोघांचं एका बाबतीत एकमत आहे हे पाहूनच मला संशय यायला हवा होता."

"नाव घेऊ नका," सर्जेराव म्हणाला.

"मी मुद्दाम घेत नाही. तुम्ही घ्या."

सर्जेरावाने खिडकी ओढून घेतली. मग बोलला तेव्हा भाषणातला आवाज कुठे नव्हता.

"युनियन नव्हती तेव्हा माझ्या थोरल्या भावाला छातीत दुखत असताना पाळी करायला लावली. तो मशीनपाशीच वारला. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा होता. आज तसं करायची कोणाची छाती नाही. दवाखाना आहे, रजा आहे, कोणी मनात आलं म्हणून फाटकाबाहेर काढत नाही. हे सगळं त्या एका हातावर उभं आहे, बाई. तो हात खाली आला की साहेब उद्या सकाळी सगळं परत घेतील. नियाजला सभेत पाहिलं म्हटलं असतं, तर मग प्रेसवर कोण होतं हे विचारलं गेलं असतं. पण मशीनवर दोष टाकून आपण त्याला सोडवणारच होतो."

"आणि सरुबाईचं?"

"ती..." सर्जेराव अडखळला.

"सभासद नव्हती."

"नव्या कराराची बोलणी सुरू झाली तेव्हाच, काही महिन्यांपूर्वी, साहेबांनी पगारवाढीच्या बदल्यात मालाचा आकडा वाढवून मागितला. मी दिला. माणूस मात्र वाढवून घेतला नाही. सकाळी चार नंबर रिकामा राहिला की सगळ्या रांगेचा आकडा पडायचा. तो आपणहून आला माझ्याकडे. म्हणाला, मी चालवतो. मी नको म्हणायला हवं होतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "साहेबांना सगळं दिसत होतं. आकडा भरत होता, म्हणून तेही बघत नव्हते."

"आणि संध्याकाळचा ठोका?"

सर्जेरावाने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या नजरेत खरीखुरी भीती होती. "तो मला माहीत नाही," तो म्हणाला. "आईशप्पथ सांगतो. तो कोण वाजवतं ते मला माहीत नाही."

६

मंदाकिनीबाई दिवेलागणीच्या आधी टूलरूमच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. टूलरूमला सील नव्हतं. बाकीच्या शेडना हत्यारं लागतच होती. चहाचा भोंगा झाला. मशिनं थांबली. आत जाळीचं दार करकरलं. त्या मागच्या दाराने टूलरूममध्ये शिरल्या आणि ओट्यापाशी आल्या.

शेडमध्ये छपराच्या काचांतून येणारा राखाडी उजेड होता. खांबावरचा खटका वर झाला आणि मोटर गुणगुणू लागली. ओटा ओलांडून गेलेला दत्तोबा चार नंबरपुढे उभा होता. त्याने टोपी काढून ट्रेवर ठेवली. रिकाम्या साच्यात वाकून पाहिलं, खाली पाहिलं, प्रेसच्या मागे जाऊन पाहिलं. पुढे आला. डावा तळवा डाव्या बटणावर ठेवला. उजवा पंजा, त्याचं उरलेलं एक बोट आणि अंगठा, उजव्या बटणावर. खांद्याचं सगळं वजन त्या हातावर आलं तसा त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

ठोका पडला. पत्रे थरथरले.

दत्तोबाने खटका खाली केला आणि वळला. ओट्यापलीकडे बाई दिसल्यावर तो दचकला नाही.

"रोज करतो," तो म्हणाला. "आधी बघायचं कुनी हाय का. मंग दोन्ही हातांनी दाबायचं. असंच करायचं असतं. म्याच भांडून आनलं हे."

"मग पट्टी का, दत्तोबा?"

"हात धरत न्हाई. एका ठोक्याला धरतो, दिवसभर न्हाई." तो ओट्याला टेकला. "टूलरूममदी बसून लोकं घाम गाळत्यात ते बघायचो. कुनी काय बोललं न्हाई कधी. बोलले असते तर बरं झालं असतं. समद्यांच्या जीवावर बसून खातो असं वाटायचं. सभा आली की हात वर करायचा, पुन्यांदा जाळीमागं बसायचं. प्रेसवर हुबा ऱ्हायलो की मानूस वाटायचो."

"मोटर चालू राहिली होती त्या दिवशी."

दत्तोबाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मंदाकिनीबाईंना वाटलं, हे त्याला सांगायचं नाही.

"पट्टी सोडायची हुती, मोटर बंद करायची हुती. रोज करायचो. तितक्यात कर्ण्यावर नाव आलं. दत्तोबा कुठायत, दत्तोबांना पुढं आना. मानसं टाळ्या वाजवाय लागली. म्या तसाच पळालो." त्याने टोपी उचलली, पण घातली नाही. "हाक तुमी मारली हुती, बाई. तुमचा काय दोष न्हाई त्यात. म्या नुस्तं सांगतो."

अंधार खाली उतरत होता. शेजारच्या शेडमध्ये मशिनं पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ या शेडमधल्या लोखंडालाही बारीक थरथर सुटली.

"मी नियाजची वकील आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांना ते फार सावकाश म्हणावं लागलं. "मला हे चौकशीत सांगावं लागेल. तुम्ही सांगितलंत तर मला सांगावं लागणार नाही."

"म्याच सांगतो," दत्तोबा म्हणाला. "कुनी इचारतंय का, याचीच वाट बघत हुतो."

७

दत्तोबाने सगळं सांगितलं. पट्टी, ट्रे, मोटर, आणि सर्जेरावाने व साहेबांनी पाहूनही न पाहिलेलं सगळं. चौकशी चालू असताना शरच्चंद्र एकदाच बोलले. म्हणाले, कामगारांच्या आपापसातल्या व्यवस्थेची कारखान्याला कल्पना असण्याचं कारण नाही. नियाज सुटला. कारखान्याने दत्तोबाला काढून टाकलं आणि या वेळी त्याच्यासाठी फाटकावर कोणी उभं राहिलं नाही.

सर्जेराव पुन्हा निवडून आला. चार नंबरवर सकाळच्या पाळीला एक जास्तीचा माणूस नेमला गेला आणि पाळी बदलताना मोटर बंद असल्याची खात्री दोघांनी करायची असा नियम झाला. युनियनने तो दोन दिवस काम थांबवून करून घेतला. संध्याकाळचा ठोका थांबला. तरी त्या नळावर पाणी प्यायला जायला माणसांना बरेच महिने लागले.

मंदाकिनीबाईंकडून युनियनने सगळ्या केसेस काढून घेतल्या. दोन-तीन ओळखीच्या माणसांनी लक्ष्मी रोडवर त्यांना पाहून रस्ता बदलला. सभांमध्ये बोलायला जाणं त्यांनी बंद केलं. कधी कचेरीत वाचत बसलेल्या असताना खाली पुस्तकं दाबायच्या यंत्राचा आवाज झाला, की त्या डोकं वर करून, आणखी काही ऐकू येतंय का, याची वाट पाहत.

अशाच एका दुपारी मथुराबाई जिना चढून वर आली. धापा टाकत खुर्चीवर बसली, मग खुर्ची बरी नाही असं वाटून सतरंजीवर बसली.

"युनियन करायची म्हनलं तर किती बायका लागत्यात?"

"तुमची? कंत्राटातल्यांची?"

"त्यांची हाय ना एक. तिच्यात आमाला घ्येत न्हाईत. म्हनत्यात, तुमी कायम न्हाई. कायम कसं व्हायचं तर म्हनत्यात युनियन पायजे."

मंदाकिनीबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "नोंदणीला सात जणी पुरतात."

"सहा हायत." मथुराबाईने पदराने मान पुसली. "आन एक हाय खाली. दुकानापाशी हुबी. वर यायचं म्हनत न्हाई."

"कोण?"

"सोजर. दत्तोबाची बायकू. त्याची नोकरी गेली, तर कंत्राटदारानं तिला घ्येतलं. सरूच्याच जागी."

खालच्या यंत्राचा आवाज थांबला होता. मंदाकिनीबाईंनी विचारलं, "तुम्हाला चालेल?"

"पयल्या दिशी कुनीच बोललं न्हाई तिच्याशी. तिनं बी तोंड वर केलं न्हाई. चार नंबरखालचं भंगार काढायला कुनी जाईना, तवा हीच गेली." मथुराबाई जरा वेळ सतरंजीचे दोरे ओढत राहिली. "चालंल का न्हाई, ते म्या अजून ठरवलं न्हाई. पर तिला बी तिथंच वाकायचंय ना, बाई. तिच्यामागं कोन हुबं ऱ्हानार?"

"बोलवा तिला."

मथुराबाई उठून जिन्याच्या तोंडाशी गेली. कठड्याला धरून खाली पाहत उभी राहिली. इतका वेळ, की ती हाक मारणार नाही असं मंदाकिनीबाईंना वाटलं.

"सोजर," ती म्हणाली. "ये वर. पायऱ्या उंच हायती, भिताडाला धरून ये."

खालून पावलं चढू लागली.